मामांची बिघाडवही

"अरे, असशील तसा ये. मामांचा ट्रक दरीत गेला!"

शनिवारी दुपारी साडेचारला मामीचा हा फोन आला तेव्हा मी जिन्यातच मटकन बसलो. मग आठवलं, की मामांकडे ट्रक नाही. एक सायकल होती, तीही गुडघ्यांनी सोडायला लावली. हा ट्रक गेममधला होता, आणि तो गेम मामांच्या कॉम्प्युटरवर मीच दोन महिन्यांपूर्वी टाकून दिला होता. म्हणजे ट्रक वर काढणं माझ्याच गळ्यात येणार हे उघड होतं.

माझ्याबद्दल आमच्या नातेवाइकांत एक गैरसमज आहे. मी 'कॉम्प्युटरमध्ये' आहे असं सगळे समजतात. मी विमा कंपनीत आहे. लोकांनी हाताने भरलेले अर्ज वाचायचे आणि तेच कॉम्प्युटरवर टाइप करायचे, एवढंच माझं काम. पण माझं लग्न ठरत होतं तेव्हा आईने समोरच्या मंडळींना "मुलगा कॉम्प्युटरमध्ये आहे" असं ठोकून दिलं आणि मी गप्प बसलो. झाकली मूठ सव्वा लाखाची. तेव्हापासून कोणाचा प्रिंटर अडला, कोणाच्या फोनमधले फोटो गायब झाले, की बोलावणं मला. मीही जातो. तिथे चहा मिळतो आणि मान मिळतो, आणि ऑफिसात दोन्हींची बोंब आहे.

मान देत नाहीत ते फक्त मामा. ते मला 'इंजिनियर' म्हणतात, आणि ज्या सुरात म्हणतात तो मला चांगला कळतो.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. पस्तीस वर्षं लिफ्टचे मेकॅनिक. उंची बेताची, हात मात्र थोराड. उमेदीची सगळी वर्षं इमारतींच्या माथ्यावरच्या मोटारखोल्यांत, ग्रीस आणि कबुतरांच्या संगतीत गेली. त्या मोटारींनी त्यांचे कानही निम्मे नेले, त्यामुळे घरातला फोन कायम स्पीकरवर असतो आणि गुपित म्हणून काही राहत नाही. पण लिफ्टचा आवाज मात्र त्यांना अजून बरोबर ऐकू येतो. लिफ्टमध्ये शिरल्यावर लोक आरशात बघतात, मामा छताकडे बघतात आणि तिसऱ्या मजल्यावर जाहीर करतात, "तेल हवंय." एकदा छातीत दुखतंय म्हणून मी त्यांना डॉक्टरकडे नेलं, तर ते खालीच वॉचमनशी लिफ्टच्या दरवाज्यावरून वाद घालत बसले. वर आमचा नंबर निघून गेला. छातीत दुखायचंही थांबलं होतं म्हणा.

या माणसाची देवावर श्रद्धा आहे की नाही ते मला ठाऊक नाही, वहीवर मात्र आहे. लिफ्ट बिघडली की वहीत नोंद: तारीख, वेळ, काय चालू होतं, काय बदललं, काय झालं, कारण काय. नियम दोनच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि वहीत खोटं लिहायचं नाही. दुसरा नियम त्यांना अनुभवाने शिकवला. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मामांनी एका लिफ्टचा दरवाजा न तपासताच 'तपासला' म्हणून सही ठोकली. त्याच संध्याकाळी त्याच लिफ्टमध्ये ते स्वतः अडकले. सोबत त्यांचे साहेब, आणि साहेबांच्या हातात कुंडीतलं निवडुंग. चार तास. साहेब ओरडले नाहीत. फक्त दर दहा मिनिटांनी विचारत राहिले, "दरवाजा तपासला होता ना?" मामांनी कानाला खडा लावला तो तेव्हा. काटे काढायला मामीला पुढचे दोन दिवस लागले.

मामा-मामींना एकच मुलगी. घरात सगळ्यांत ठेंगणी म्हणून तिचं नाव बुटकी पडलं, ते पडलंच. शिकली, बँकेत लागली, खुर्ची मिळाली, पंखा मिळाला. मामांनी आयुष्यात याहून मोठं काही मागितलं नव्हतं. आणि तीन वर्षांपूर्वी बुटकीने ती बँक सोडली, रीतसर प्रशिक्षण घेतलं आणि क्रेन चालवायला लागली. उंच इमारती बांधतात तिथे ती लांब हाताची क्रेन उभी असते ना, तिच्या माथ्यावरच्या केबिनमध्ये बसून ती आता लोखंड उचलते. जमिनीपासून साठ मीटर. आमची बुटकी!

मामा म्हणाले, "मी पस्तीस वर्षं वर चढलो, ते तुला चढावं लागू नये म्हणून."

बुटकी म्हणाली, "बाबा, तिथेही खुर्चीच आहे. फक्त जरा उंचावर."

त्या घरात भांडत नाहीत, गप्प बसतात. भांडण परवडलं. बुटकी दुसऱ्या शहरात गेली. रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. मामा उचलतात, पलीकडून "बाबा" ऐकतात आणि म्हणतात, "आईला देतो." तीन वर्षांत बाप लेकीशी फोनवर जे काही बोलला ते एवढंच: आईला देतो. राग केव्हाच विरला होता, हे मामीला ठाऊक होतं, मलाही होतं. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही.

शेवटी मामीनेच डोकं चालवलं. बुटकीचा जुना कॉम्प्युटर घरात धूळ खात पडला होता. मायलेकींनी फोनवर कट शिजवला आणि मला हुकूम आला. मी एक गेम टाकून दिला. दोघांनी मिळून एक अवाढव्य ट्रक डोंगरातून न्यायचा. एकाने चालवायचा, दुसऱ्याने नकाशा बघून वाट सांगायची. आपापल्या घरी बसायचं, कानाला हेडफोन लावून बोलायचं. बुटकी चालवणार, मामा वाट सांगणार. दर शनिवारी दुपारी चार वाजता.

मामा आधी "हे पोरखेळ" वगैरे म्हणाले. पहिल्याच शनिवारी पावणेचारला दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून कॉम्प्युटरसमोर बसले.

"अहो, तिला तुम्ही दिसत नाही, नुसता आवाज जातो," मामी म्हणाली.

"मला दिसतो ना," मामा म्हणाले.

मग दोन तास तेच. "डावीकडे घे." "घेतलं." "पुढे पूल आहे. हळू." "हळूच आहे, बाबा." "हळू म्हणजे हळू." याखेरीज एक अक्षर नाही. पण तीन वर्षांत दोन तास! मामी स्वयंपाकघराचं दार उघडं टाकून डबे पुसत बसायची. दोन तासांत एकच डबा पुसून व्हायचा.

आणि मग तो गेम बंद पडायला लागला. चालता चालता ट्रक, डोंगर, सगळं नाहीसं व्हायचं आणि पडद्यावर नुसती निळी भिंत उरायची. कधी दहा मिनिटांत, कधी दीड तासाने. पहिल्यांदा पडला त्या शनिवारी ट्रक कड्याच्या काठावर असतानाच असं झालं, म्हणून मामीच्या दृष्टीने तो दरीत गेला. मागोमाग बुटकीचा फोन आला, "बाबा, काय झालं?" आणि मामांच्या तोंडून सवयीने तेच निघालं. आईला देतो.

"ट्रक गेला चुलीत," मामी मला बाजूला घेऊन म्हणाली. "पण हे बंद पडलं तर दोघं पुन्हा होती तिथे. तू काहीही कर."

मी काहीही केलं. अक्षरशः. गेम काढून परत टाकला, ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर नवा केला, चित्रांचा दर्जा खाली आणला, व्हायरस मारणारा प्रोग्रॅम बंद केला, भिंतीतला प्लग बदलला, आणि शेवटी कॉम्प्युटरच्या पाठीवर दोन थापा दिल्या. सगळं अर्ध्या तासात. गेम चाळीस मिनिटं चालला. मी चहाचा कप हातात घेऊन विजयी मुद्रेने बसलो होतो, तेवढ्यात ट्रक गेला.

"चाळीस मिनिटं चालला तो नेमका कशाने?" मामांनी विचारलं.

"सगळ्याने मिळून."

"आणि पडला कशाने?"

मी कपात बघितलं.

"असा कधीही पडतो, मामा. त्याला काही नेम नसतो."

"इंजिनियर," मामा म्हणाले, "'कधीही' असं काही नसतं. आपलं लक्ष नसतं तेव्हाला लोक 'कधीही' म्हणतात."

ते उठले, कपाटातून लांबट जाड वही काढली, रेघा मारल्या आणि पेन दोरीने टेबलाच्या पायाला बांधलं. पेनं पळतात, हा मोटारखोलीतला अनुभव. मला स्टूल मिळालं. हुद्दा मदतनिसाचा.

पुढे दीड महिना त्या घरात जे चाललं त्याला गेम खेळणं म्हणवत नाही. रोज दुपारी चार ते सहा चाचणी. मामा नोंदी करणार, तेव्हा ट्रक चालवायला माणूस हवा, म्हणून मामी. पहिल्या आठवड्यात तिने रस्त्यावरचं एकही झाड सोडलं नाही. तिसऱ्या आठवड्यात ती दोन जोडगाड्यांचा ट्रक उलटा घेऊन फाटकातून काढायला लागली. बसमध्ये बसली की ड्रायव्हरच्या वळणांवर शेरे मारायची आणि ते ड्रायव्हरला ऐकू जायचे.

मामांचा पहिला संशय धुळीवर. मामीच्या रंगकामाच्या ब्रशने त्यांनी कॉम्प्युटरचं पोट साफ केलं, बाकी कशाला हात लावला नाही. तीन दिवस चाचणी. पडला. नोंद. दुसरा संशय उष्णतेवर. मी काही बोलायच्या आत त्यांनी ताप मोजायचा थर्मामीटर मागच्या जाळीला बांधला.

"अडतीस," मामी वाकून म्हणाली. "अंग मोडून आलं असेल बिचाऱ्याचं."

आतली उष्णता दाखवणारा प्रोग्रॅम असतो हे मी सांगितलं. माझं तेवढंच योगदान वहीत नावानिशी नोंदवलेलं आहे. उष्णता ठीक निघाली. मध्येच मामा कॉम्प्युटर उचलून कोपऱ्यावरच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने तो न उघडताच "मदरबोर्ड गेला, नवाच घ्या" म्हणून सांगितलं.

"हात न लावता कसं कळलं?" मामांनी विचारलं.

"अनुभव, काका."

मामा कॉम्प्युटर उचलून तसेच घरी आले. त्या दुकानदाराबद्दल ते जे बोलले ते मी इथे लिहीत नाही.

मग त्यांचं बोट आतल्या दोन पट्ट्यांवर गेलं. कॉम्प्युटरला चालू कामापुरतं जे लक्षात ठेवायचं असतं ते या पट्ट्यांत राहतं. रॅम म्हणतात ती हीच.

"दोन का?"

"एकीने भागत नाही म्हणून."

"भागत नाही, की चालतच नाही?"

"चालतं," मी म्हणालो. "हळू."

"मग एक काढ."

एक काढली. पाच दिवस मामी ट्रक हाकत राहिली, गेम पडला नाही. मग चांगली काढून दुसरी तिच्याच खोबणीत बसवली. दुसऱ्याच दिवशी दोनदा पडला. मामांनी त्या पट्टीची टोकं खोडरबराने घासून तिला आणखी एक संधी दिली. पुन्हा पडला. चांगली पट्टी परत लावली. ठीक. घोडं पेंड कुठे खात होतं ते सापडलं. मामांनी त्या पट्टीला 'वाईट' अशी चिठ्ठी चिकटवली आणि ती खणात ठेवली. वाईट वस्तू फेकायची नाही, नाव लिहून ठेवायची, नाहीतर कोणीतरी चांगली समजून लावतो.

त्या दिवशी मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? मी पाच वर्षं 'कॉम्प्युटरमध्ये' आहे आणि हा माणूस दीड महिन्यात माझ्या पुढे गेला. पुढचे दोन शनिवार गेम सुरळीत चालला. मामीने कित्येक डबे पुसले.

आणि मग पुन्हा तिचा फोन. "अरे, परत सुरू झालं."

आता गंमत बघा. सोमवार ते शुक्रवार मामी दोन-दोन तास खेळते, काही होत नाही. शनिवारी बापलेक बसले की पडतो. एक शनिवार, दोन शनिवार, पाच शनिवार. मी इंटरनेटवर संशय घेतला, गेमच्या कंपनीवर घेतला, बुटकीच्या कॉम्प्युटरवर घेतला. बिचारीने तिकडे केबल बदलली. आणि मामा? मामा म्हणाले, "जुनं मशीन आहे. चालायचंच."

इथे मला कळायला हवं होतं. पस्तीस वर्षांत या माणसाने कुठल्याही बिघाडाला 'चालायचंच' म्हटलेलं नाही. आमच्या घरातला नळ ठिबकतो म्हणून ते माझ्या आईशी महिनाभर नीट बोलत नव्हते. पण मी पडलो इंजिनियर.

सहा शनिवार असेच गेले. सातव्या शनिवारी मी साडेतीनलाच पोचलो. मामा मोरीत दाढी करत होते, मामी स्वयंपाकघरात. टेबलावर वही. मी सहज उघडली.

'शनिवार. ४.५०. चालू: घाटाचा उतार. बदल: काही नाही. झालं: गेम बंद. कारण: मी.'

मला वाटलं, पुढचं लिहायचं राहिलं असेल. खालची नोंद वाचली.

'शनिवार. ५.१०. पोरगी म्हणाली, बाबा एक विचारू का. झालं: गेम बंद. कारण: मी. आल्ट आणि एफ-फोर.'

'शनिवार. ४.३५. पुन्हा तेच म्हणाली. विचारू दिलं नाही. कारण: मी.'

'शनिवार. ५.२५. म्हणाली, किती दिवस विचारीन म्हणते. काय ते ठाऊक आहे. राग गेला का, हेच विचारणार. उत्तर तयार नाही. कारण: मी.'

अशा सहा. पान संपलं. माझं डोकं तापलं, आधी स्वतःसाठी. या सहा शनिवारांपायी मी दोन रविवार घालवले होते, गेमच्या कंपनीला कडक पत्र लिहिलं होतं. आणि आल्ट-एफ-फोर, म्हणजे अडकलेला गेम दोन बोटांत बंद करायची युक्ती, ती मामांना शिकवली कोणी? मीच.

मामा टॉवेलने गाल पुसत बाहेर आले, माझ्या हातात वही बघितली आणि दारातच थांबले.

"तोंडाने म्हणालो तिला, गेम पडला," ते हळूच म्हणाले. "वहीत कसं लिहिणार?"

"मामा, अजून राग आहे का तिच्यावर?"

"कुठला राग? राग काय तीन वर्षं टिकतो?"

"मग तेच सांगा ना तिला!"

"आणि तीन वर्षं आईला देतो, आईला देतो केलं, त्याचं काय सांगू?" मामा खुर्चीत बसले. "पहिल्या दिवशी बोललो असतो तर एक वाक्य पुरलं असतं. आता किती बोलावं लागेल ते मला माहीत नाही. तुला सोपं वाटतं. तू कॉम्प्युटरमध्ये आहेस."

माझा राग निवळला. इतका भित्रा झालेला मामा मी कधी पाहिला नव्हता, आणि ते बघणं मला अजिबात आवडलं नाही. तेवढ्यात मामी चहा घेऊन आली. "काय रे, सापडलं का काही?" मामांनी माझ्याकडे बघितलं.

"आज सापडेल," मी म्हणालो. मामी आत वळताच चमच्याच्या दांड्याने मी कीबोर्डवरची एफ-फोरची कळ उचकटली आणि खिशात टाकली.

मामा काही बोलणार होते. "इंजिनियर, ऐक, आज मी सकाळी..." पण चार वाजले, हेडफोनमध्ये बुटकीचा आवाज आला आणि ते राहून गेलं.

मी स्टुलावर बसून पहारा दिला. ट्रक निघाला. डावीकडे घे, घेतलं. पूल गेला, बोगदा गेला. मामा वाट सांगत होते, पण दर दोन मिनिटांनी त्यांची नजर कीबोर्डवरच्या त्या भोकाकडे जात होती. चाळीस मिनिटं झाली. सरळ रस्ता लागला आणि हेडफोनमधून मलाही ऐकू आलं:

"बाबा, आज तरी एक विचारू?"

मामांची दोन बोटं सवयीने निघाली. एक आल्टवर बसलं, दुसरं भोकावर जाऊन थबकलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. मामांनी हात मांडीवर घेतला आणि म्हणाले, "विचार."

आणि पडद्यावरून ट्रक, रस्ता, डोंगर, सगळं गेलं. निळी भिंत.

"मी नाही!" मामा दोन्ही हात वर करून ओरडले. "देवाशपथ, मी नाही!" मग त्यांचे हात हळूहळू खाली आले. "म्हणजे मीच. पान उलट."

मी पान उलटलं. एकच नोंद होती, त्याच दिवशीची.

'शनिवार. सकाळ. बदल: वाईट पट्टी परत लावली. कारण: आता खोटं बोलवत नाही. खराच बिघाड असला म्हणजे बोलावं लागणार नाही.'

मला हसू आवरेना. दीड महिना खपून शोधून काढलेला दोष या माणसाने स्वतःच्या हातांनी परत बसवला होता, आणि नेमका जन्मात एकदा 'विचार' म्हणाला तेव्हा तो आडवा आला. हात दाखवून अवलक्षण! मामा हसत नव्हते. आवाज ऐकून मामी बाहेर आली, आणि त्याच क्षणी नेहमीप्रमाणे फोन वाजला. मामांनी नेहमीप्रमाणे उचलला. मामीने नेहमीप्रमाणे हात पुढे केला.

"बाबा, पुन्हा गेला ना?" बुटकी दमल्यासारखी म्हणाली. "असू दे. आईला द्या."

मामांनी बोलायच्या आधीच ती म्हणाली होती. ते मला लागलं. मामांना तर फारच लागलं असावं, कारण ते फोनकडे बघत राहिले.

"नाही देत," ते म्हणाले.

पलीकडून नुसतं "बाबा?" आलं.

"गेम मी पाडत होतो. सहा वेळा मी. आजचाही माझाच म्हण. मला वाटलं, तू विचारणार, माझा राग गेला का. नाही राग. केव्हाचा नाही. मला बोलता येत नव्हतं. झालं. आता विचार."

"ते कशाला विचारू?" बुटकी म्हणाली. "दर शनिवारी दाढी करून बसता ना? आईने सांगितलंय. रागावलेला माणूस गेमसाठी दाढी करत नाही."

मामांनी मामीकडे बघितलं. मामीने पदराने कॉम्प्युटर पुसायला घेतला.

"मग विचारायचं काय होतं?"

"कामाचं होतं, बाबा. क्रेन फिरवताना केबिनच्या मागून टक् टक् असा आवाज येतो. मध्येच येतो, मध्येच जातो. इथल्या मेकॅनिकने दोनदा बघितलं. तो म्हणतो, काही नाही, आवाज होतच असतात. मी कोणाला विचारू? मला आवाजातलं कळणारा माणूस एकच माहीत आहे."

मामांचा चेहरा पांढरा पडला. "सहा आठवडे?" ते पुटपुटले. "सहा आठवडे आवाज येतोय आणि मी..." मग एकदम त्यांचा तो मोटारखोलीतला आवाज लागला, जो मी लहानपणी ऐकला होता. "आवाज आला की काय करतेस?"

"फिरवणं थांबवते. माल खाली, मी खाली. कोणी काही म्हणो."

"शाबास. तो मेकॅनिक तिथेच बस म्हणाला तरी बसायचं नाही. सोमवारी मी येतो, स्वतः ऐकल्याशिवाय सांगणार नाही. कधी येतो आवाज?"

"कधीही येतो, बाबा."

"'कधीही' असं काही..."

"नसतं," बुटकी म्हणाली. "माहीत आहे. म्हणून लिहून ठेवलंय सगळं. तारीख, वेळ, वारा किती, हूकला वजन किती, कुठल्या बाजूला फिरवत होते. अकरा नोंदी आहेत. वाचू?"

मामांनी डोळ्यांवरून हात फिरवला, आणि त्या हाताला दाढीचा साबण राहिला होता की काय, पण डोळे लाल झाले. कॉम्प्युटर पुसत असली तरी मामीचा दुसरा हात इतका वेळ फोनसाठी पुढेच होता. मामांनी तो बघितला. टेबलाच्या पायाशी वाकून दोरीसकट पेन सोडवलं, तिच्या हातात ठेवलं आणि वहीचं कोरं पान तिच्यापुढे सरकवलं.

"वाच," ते फोनमध्ये म्हणाले. "पण हळू. आई लिहून घेतेय."